लेखात कीवर्ड कोंबणं: ‘पीक विमा’चं पान समोर ठेवून

तिफण (धागाकर्ता)

सरकारी योजना, बाजारभाव, सातबारा, हवामान या विषयांवरची मराठी पानं वाचताना एक गोष्ट सतत खटकते. शोधात वर यावं म्हणून एकच शब्द इतक्या वेळा कोंबलेला असतो की कामाची ओळ सापडतच नाही. शिवाय शब्द ‘जसाच्या तसा’ ठेवायच्या हट्टापायी मराठीची मोडतोड होते ती वेगळीच. हे नुसतं वाईट दिसतं असं नाही. ज्या कारणासाठी हे करतात ते कारणही त्यातून साधत नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन तपशिलात बोलू.

खालचा परिच्छेद कुठून उचललेला नाही. या साच्याचा नमुना म्हणून लिहिला आहे:

> नमस्कार मित्रांनो, आजच्या या लेखामध्ये आपण पीक विमा योजना २०२५ माहिती मराठी पाहणार आहोत. पीक विमा योजना २०२५ महाराष्ट्र ही शेतकऱ्यांसाठी महत्त्वाची पीक विमा योजना आहे. जर तुम्हाला पीक विमा योजना २०२५ ऑनलाइन अर्ज करायचा असेल तर पीक विमा योजना २०२५ कागदपत्रे आणि पीक विमा योजना २०२५ शेवटची तारीख माहीत असणे गरजेचे आहे. चला तर मग जाणून घेऊया पीक विमा योजना २०२५ विषयी संपूर्ण माहिती.

एकूण शब्द ६५. त्यात ‘पीक विमा योजना’ सात वेळा, म्हणजे २१ शब्द. जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच नावाने खाल्ला आणि शेतकऱ्याला मिळालं काय? काहीही नाही. हप्ता किती, मुदत कधी, काय बदललं, एकाचंही उत्तर नाही.

आता त्याच जागेत हे लिहून पाहा:

> २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा मिळत नाही. ती सवलत २०२३ च्या खरिपात सुरू झाली होती, ती बंद झाली. आता शेतकऱ्याने विमा संरक्षित रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के हप्ता खरीप पिकांसाठी, १.५ टक्के रब्बी पिकांसाठी आणि ५ टक्के नगदी पिकांसाठी भरायचा. म्हणजे खरिपाच्या पिकाला हेक्टरी ५०,००० रुपयांचं संरक्षण असेल, तर हप्ता हेक्टरी १,००० रुपयांपर्यंत येतो.

इथे ‘पीक विमा’ एकदाच आला. पण खरीप, रब्बी, नगदी पीक, हप्ता, संरक्षित रक्कम, हेक्टरी, एक रुपया हे सगळे शब्द आपोआप आले. लोक शोधतात ते याच शब्दांनी.

कोंबलेल्या पानांचा सगळ्यात मोठा दोष मला हा वाटतो: नाव चाळीस वेळा आणि माहिती दोन वर्षं जुनी. मथळ्यात २०२५ आणि आत अजून ‘फक्त एक रुपयात अर्ज करा’. त्यावर विसंबणाऱ्याचं खरं नुकसान होतं.

जाणकारांनी आपापल्या अंगाने भर घालावी.

---

त्रैराशिक

धागा उत्तम. ‘शब्द वाढवले की क्रमांक वाढतो’ हा समज गणिताने तपासता येतो, म्हणून थोडी आकडेमोड.

मजकुरातून शोध घेण्याच्या शास्त्रात बीएम२५ नावाचं सूत्र १९९० च्या दशकापासून वापरात आहे. ल्युसीन आणि त्यावर उभं असलेलं इलॅस्टिकसर्च ही शोधाची सॉफ्टवेअरं आजही मुळात हेच वापरतात. गूगलचं सूत्र जाहीर नाही आणि त्यात शेकडो इतर गोष्टी असतात, त्यामुळे खालचे आकडे गूगलचे समजू नका. पण पुनरावृत्तीचा फायदा कसा आटतो ते यातून स्पष्ट दिसतं.

पानाची लांबी सरासरीइतकी धरली आणि नेहमीचा स्थिरांक १.२ घेतला, तर एका शब्दाला मिळणारं वजन असं:

१ वेळा: १.००
२ वेळा: १.३८
३ वेळा: १.५७
५ वेळा: १.७७
१० वेळा: १.९६
२० वेळा: २.०८
कितीही वेळा: २.२० च्या पुढे जात नाही

तीनवरून वीसवर गेलात, म्हणजे सतरा जादा उल्लेख केलेत, तर मिळकत अर्ध्या गुणाची. पहिल्या तीन उल्लेखांतच दीड गुण येऊन गेलेला असतो.

आता दुसरी बाजू. सूत्रात लांबीचाही हिशोब असतो (तिथला नेहमीचा स्थिरांक ०.७५). फापटपसारा घालून पान सरासरीच्या दुप्पट केलं, तर तीन उल्लेखांचं वजन १.५७ वरून १.२९ वर येतं. ते पुन्हा १.५७ करायला पाच-सहा उल्लेख लागतात. म्हणजे पाणी घालून पान वाढवायचं आणि मग ते पाणी भरून काढायला शब्द कोंबायचे.

आणि हे झालं तीस वर्षं जुन्या सूत्राचं. कोंबाकोंबी मुद्दाम ओळखून खाली ढकलणाऱ्या यंत्रणा यात धरलेल्याच नाहीत.

---

काना-मात्रा

मराठीपुरता जो मुद्दा आहे तो इंग्रजीवरून घेतलेल्या सल्ल्यांत कुठेच येत नाही, तो म्हणजे सामान्यरूप.

‘पीक विमा’ याच जोडीत दोन्ही शब्द विभक्तीत बदलतात. पीक, पण पिकाचा, पिकाला, पिकांसाठी. दीर्घ ‘पी’ ऱ्हस्व होतो. विमा, पण विम्याचा, विम्यासाठी. म्हणजे नीट मराठीत लिहिलं की ‘पीक विम्याचा अर्ज’, ‘पिकाचा विमा उतरवणे’, ‘विम्याचा हप्ता’ अशी रूपं येणार आणि ‘पीक विमा’ अक्षरशः जुळणारं फार थोड्या ठिकाणी उरणार. ते जुळावं म्हणून लोक ‘पीक विमा चा अर्ज’, ‘पीक विमासाठी कागदपत्रे’ असं लिहितात. हे मराठी नव्हे.

घनता, म्हणजे एकूण शब्दांतला कीवर्डचा टक्का, मोजणारी प्लगिनं इथेच फसवतात. योस्ट या वर्डप्रेसच्या (साइट चालवायच्या प्रणालीच्या) प्लगिनमध्ये घनतेची पट्टी साधारण ०.५ ते ३ टक्के अशी आहे. ज्या भाषांचं व्याकरण त्याला येतं तिथे ते शब्दाची रूपंही मोजतं. मराठीची रूपं ते जोडत नाही. ‘विम्याचा’ हा ‘विमा’च आहे हे त्याला कळत नसल्यामुळे नीट लिहिलेल्या पानावर लाल दिवा लागतो आणि मोडकंतोडकं लिहिलं की हिरवा होतो. त्या हिरव्या दिव्याचा गूगलशी काहीही संबंध नाही. तो प्लगिनचा आपला हिशोब आहे.

दुसरं, मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. इंग्रजीत चार शब्दांत सांगायचं ते मराठीत दोनांत होतं. म्हणून त्याच मजकुराची मराठीत एकूण शब्दसंख्या कमी भरते आणि तेवढेच उल्लेख ठेवले तरी टक्का चढतो. इंग्रजीवरून आणलेली टक्केवारी मराठीला लावणं मुळातच चूक.

हाताने मोजायचं असेल तर मूळ पाहून मोजा, पण जपून. ‘कांदा’ची सगळी रूपं धरायला ‘कांद’ शोधलं की कांदिवलीही मोजली जाते. ‘भाव’ शोधलं की ‘भावाला’ सापडतं, ते बाजारातल्या भावाला असेल किंवा सख्ख्या भावाला. ‘पाऊस’ शोधलं तर ‘पावसाचा’ सुटतं. म्हणून प्रत्येक शब्दाची आधी दोन रूपं लिहून घ्या (पाऊस/पावसा, पीक/पिका, विमा/विम्या) आणि दोन्ही वेगवेगळी शोधा.

---

आडवाट

सगळं पटलं, तरी एक प्रश्न राहतोच. मराठीत शोधलं की पहिल्या पाचात तीन पानं अशीच कोंबलेली असतात. उपयोग होत नसेल तर ती वर कशी? ज्याला उत्पन्नासाठी पान चालवायचं आहे त्याला हे रोज डोळ्यांसमोर दिसतं. बीएम२५ चं गणित सांगून त्याचं समाधान होणार नाही.

---

तिफण

@आडवाट, प्रश्न अगदी रास्त आहे आणि टाळण्यासारखा नाही.

त्या पानांना वर ठेवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा दुसऱ्या असतात. नेमक्या त्या विषयावर मराठीत पानंच मोजकी असतात, साइट जुनी असते, तिला बाहेरून दुवे मिळालेले असतात आणि योजना जाहीर झाल्याच्या दिवशीच पान चढवलेलं असतं. सरकारी निर्णय पीडीएफमध्ये असतो आणि पुष्कळदा स्कॅन केलेला असतो, त्यामुळे मूळ स्रोत शोधात मागे पडतो. अशा वेळी शर्यतीत दुसरं कोणी नसतं. कोंबलेलं असूनही ते पान वर असतं, कोंबल्यामुळे नव्हे.

हे कोणालाही तपासता येईल. कृती अशी:

साइटवरची एकाच प्रकारची दहा पानं निवडा. पाच बदला, पाच तशीच ठेवा. बदल एकच करा: पुनरावृत्ती काढा आणि त्या जागी नेमकं उत्तर लिहा. मथळा, यूआरएल (पानाचा पत्ता), चित्रं, अंतर्गत दुवे यांना हात लावू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) यूआरएल तपासणीतून पान पुन्हा वाचून घ्यायची विनंती करा आणि शेवटचं वाचन कधी झालं ती तारीख टिपून ठेवा. मोजणी त्या तारखेपासून सुरू. चार आठवडे थांबा.

एक खबरदारी महत्त्वाची. पीक विम्यासारखा विषय हंगामी आहे. खरिपाची मुदत साधारण जुलैअखेर असते, त्यामुळे जुलैतले आकडे जूनशी ताडून पाहिले तर काहीही सिद्ध होईल. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा विदा ठेवतं, म्हणून गेल्या वर्षीचे तेच चार आठवडे समोर घ्या. आणि न बदललेली पाच पानं शेजारी ठेवा. दोन्ही गट सारखेच वरखाली झाले असतील तर तो बदल तुमच्या लिखाणाचा नाही.

---

कानोसा

या चर्चेत अंध वाचकांचा मुद्दा यायलाच हवा.

चित्राच्या पर्यायी मजकुरात ‘पीक विमा योजना, पीक विमा २०२५, पीक विमा महाराष्ट्र, पीक विमा अर्ज’ असं भरलेलं असतं. डोळस वाचकाला ते दिसत नाही. पण एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम) ते शब्दन्‌शब्द वाचतो. पानावर आठ चित्रं असतील तर तीच यादी आठ वेळा कानावर आदळते. तो मजकूर चित्रात काय आहे ते सांगण्यासाठी असतो. अर्जाच्या पडद्याचं चित्र असेल तर ‘अर्जाचा पहिला टप्पा: जिल्हा, तालुका आणि महसूल मंडळ निवडायचे रकाने’ असं लिहा. नुसती शोभेची रेघ असेल तर पर्यायी मजकूर रिकामा ठेवा, म्हणजे रीडर ते चित्र ओलांडून जातो.

पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्दही रीडर वाचतो, कारण त्याला रंगाशी देणंघेणं नाही. पडद्याच्या बाहेर ढकललेला मजकूरही वाचतो. तोच मजकूर निवडून व्हॉट्सॲपवर चिकटवला की डोळस माणसालाही दिसतो.

जाता जाता: पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. गूगल भाषा मजकुरावरून ओळखतं, त्याला या नोंदीची गरज नाही. पण स्क्रीन रीडर आवाज निवडतो तो यावरूनच. अनेक मराठी साइटींवर ती नोंद इंग्रजीचीच राहून गेलेली असते.

---

पाटी-पेन्सिल

@कानोसा +१. पर्यायी मजकुराचं उदाहरण आमच्या लिहिणाऱ्यांच्या सूचनापत्रात जसंच्या तसं घालते.

लपवलेल्या मजकुरावरून थोडा इतिहास, म्हणजे कोणते उपाय केव्हाच बाद झाले ते कळेल.

पानाच्या कोडमध्ये कीवर्डसाठी वेगळा टॅग असतो. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं की क्रमांक ठरवताना तो वापरला जात नाही. तरी आजही मराठी साइटींवर त्यात पन्नास-पन्नास शब्द भरलेले दिसतात. त्याच्याही आधी, फेब्रुवारी २००६ मध्ये, बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने यादीतून काढली होती. शोधयंत्राला शब्दांनी भरलेलं एक पान दिसायचं आणि माणसाला जावास्क्रिप्टने दुसऱ्याच पानावर नेलं जायचं. ती पानं काढल्यावर साइट काही दिवसांत परत आली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही सूट मिळाली नाही.

गूगलने क्रमवारीत केलेल्या फेब्रुवारी २०११ च्या ‘पांडा’ बदलाने पातळ, पोकळ मजकुराला दणका दिला. एप्रिल २०१२ च्या पेंग्विनने दुव्यांच्या गैरवापराबरोबर कोंबाकोंबीही धरली. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी आलेलं बर्ट (वाक्याचा अर्थ ओळखणारी गूगलची यंत्रणा) त्याच वर्षी डिसेंबरात सत्तरहून जास्त भाषांत आलं, त्यात मराठीही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकूर’ नावाची वेगळी यंत्रणा आली आणि मार्च २०२४ मध्ये ती मुख्य यंत्रणेतच मिसळली. त्याच महिन्यात घाऊक प्रमाणात मजकूर पाडण्याविरुद्धचं धोरणही आलं. तो मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, याने त्या धोरणाला फरक पडत नाही.

प्रश्नोत्तरांची दहा जोडपी पानाच्या तळाशी लावायची चालही याच जातीची. शोधाच्या निकालातच ती उघडून दिसायची म्हणून लोक लावत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने तसा निकाल फक्त नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटींपुरता ठेवला. वाचकाला खरंच पडणारे दोन प्रश्न असतील तर ठेवा. ‘पीक विमा योजना म्हणजे काय?’ हा प्रश्न पीक विम्याच्या पानावर आलेल्या शेतकऱ्याला पडलेला नसतो.

---

आडवाट

@तिफण, दहा पानांची चाचणी मान्य. आता जिल्हा-तालुक्यांच्या यादीबद्दल विचारतो. आपल्याकडे ३६ जिल्हे, ३५८ तालुके. प्रत्येक तालुक्याचं एक पान केलं तर ते कोंबणं धरायचं का? शोधणारा माणूस तर तालुक्याचं नाव घालूनच शोधतो.

---

पाटी-पेन्सिल

पानावर त्या तालुक्याचं स्वतःचं काही आहे का, एवढंच पाहायचं.

बाजारभावाचं उदाहरण घ्या. लासलगाव बाजार समितीचं कांद्याचं पान असेल आणि त्यात त्या दिवसाची आवक क्विंटलमध्ये, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असेल, तर ते पान खरं. पिंपळगाव बसवंतचं वेगळं पानही खरं, कारण तिथली आवक आणि दर वेगळे. पण सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, हे ३५८ तालुक्यांना ३५८ वेळा लिहिलं, तर नाव सोडून काहीच बदलत नाही. विभाग निवडा, मग जिल्हा, तालुका, गाव, मग गट किंवा सर्व्हे नंबर; डिजिटल सहीची प्रत हवी असेल तर १५ रुपये. निफाडला तेच आणि निलंग्यालाही तेच. अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि ते स्पॅमच्या धोरणात बसतं.

पानाच्या तळाशी गावांची लांबलचक यादी लिहिणं हे तर त्या धोरणात कोंबण्याचं उदाहरण म्हणूनच दिलं आहे. उपयोग नसलेल्या फोन नंबरांच्या याद्याही त्यातच येतात.

वर्डप्रेसच्या टॅगनेही हेच होतं. प्रत्येक टॅगचं एक स्वतंत्र पान आपोआप तयार होतं. लेखागणिक पंचवीस नवे टॅग दिले की शंभर लेखांवर अडीच हजार रिकामी पानं उभी राहतात आणि बहुतेकांवर एकच लेख असतो. सर्च कन्सोलमध्ये ‘वाचलं, पण सध्या सूचीत नाही’ या रकान्यात ही पानं ढिगाने दिसतात. टॅगची पानं सूचीबाहेर ठेवा (नोइंडेक्स) आणि टॅग मोजके ठेवा.

---

काना-मात्रा

शब्दाची ‘सगळी स्पेलिंगं’ पानावर मावली पाहिजेत, हाही एक हट्ट असतो. पीक विमा, पिक विमा, पीकविमा, पिकविमा आणि शेवटी रोमनमधली तीन रूपं, अशी ओळ तळाशी टाकतात. ती नको. लोक चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ टाइप करतात, रोमन लिपीत टाइप करतात, हे खरंच आहे. पण त्यांना शुद्ध लिहिलेली पानं मिळतात. हवं तर ‘पिक विमा’ आणि ‘पीक विमा’ दोन्ही ब्राउझरच्या खासगी खिडकीत शोधून पहिले दहा निकाल शेजारी ठेवून पाहा.

अपवाद एकच, जिथे दोन नावं खरोखर चलनात आहेत. ‘सातबारा’ आणि आकड्यांत लिहिलेला ‘७/१२’ दोन्ही लिहा, कारण कागदावर दोन्ही असतात: गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर हेही तसंच. एकदा कंसात दिलं की झालं.

मोजणी करताना आणखी एक फसगत होते, ती युनिकोडची. ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, किंवा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲप’ मधला ॲ सुद्धा एक अक्षर म्हणून येतो किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. अक्षरशः जुळवणाऱ्या एडिटरमध्ये एक शोधलं की दुसरं सापडत नाही आणि मोजणी निम्मी भरते. दोन जणांनी लिहिलेलं पान असेल तर आधी एकसारखं करून घ्या.

---

त्रैराशिक

यूआरएलमध्ये कोंबण्याचं गणितही सांगतो, कारण तिथे चूक लगेच दिसते.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह (अक्षर, मात्रा, हलन्त वेगवेगळे धरून) यूआरएलमध्ये नऊ रोमन चिन्हांचं होतं. वर्डप्रेस लेखाच्या दुव्याला २०० चिन्हांपर्यंतच जागा देतं. म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं.

‘पीक-विमा-योजना-महाराष्ट्र’ मोजा. पीक ३ चिन्हं, विमा ४, योजना ५, महाराष्ट्र १०. एकूण २२ गुणिले ९ म्हणजे १९८, अधिक तीन आडव्या रेघा: २०१. एका चिन्हाने जास्त! शेवटचा र गळतो आणि दुव्यात ‘महाराष्ट्’ उरतं. पुढे ‘२०२५-ऑनलाइन-अर्ज-कागदपत्रे’ लिहिलेलं तर कुठेच जात नाही. ‘पीक-विमा’ एवढाच दुवा ठेवा, नाहीतर छोटा रोमन दुवा द्या. दोन्ही चालतात. आणि दुव्यात साल घालू नका, नाहीतर पुढच्या वर्षी नवं पान करावं लागतं.

---

खरडवही

खूप उपयोगी चर्चा. काम देणाऱ्याकडून ‘१००० शब्द, कीवर्ड ३ टक्के’ अशी अट येते तेव्हा काय उत्तर द्यावं? नुसतं ‘हे चुकीचं आहे’ म्हटलं तर काम दुसऱ्याला जातं.

---

पाटी-पेन्सिल

@खरडवही, नकार देण्याऐवजी पर्यायी अट लिहून द्या. काम देणाऱ्याला मोजता येईल असं काहीतरी हवं असतं. टक्क्याच्या जागी हे मोजायला द्या:

मुख्य शब्द मथळ्यात एकदा, पहिल्या दोन-तीन वाक्यांत एकदा आणि पुढे वाक्याला लागेल तिथे, लागेल त्या रूपात. मथळा सुरुवातीलाच मुद्द्यावर येऊ दे. मथळा कोंबलेला असला की गूगल निकालात तो बदलून दुसराच दाखवू शकतं.

सर्च कन्सोलमधून त्या विषयाचे दहा-पंधरा खरे प्रश्न काढा आणि प्रत्येकाचं उत्तर पानावर आहे की नाही, एवढं तपासा. पीक विम्यासाठी ते असे निघतील: हप्ता किती, भाडेपट्ट्याच्या जमिनीवर विमा काढता येतो का, कर्ज नसेल तरी भरता येतो का, अर्जातली चूक दुरुस्त कशी करायची, भरपाई कोणत्या खात्यात येते.

प्रत्येक आकड्याशेजारी तो कधीचा आहे ते लिहा: खरीप २०२५, शासन निर्णयाची तारीख. ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख टाकायची तर खरोखर काही बदलल्यावरच टाका.

शब्दसंख्येची अट काढून टाका. हे विषय ६०० शब्दांत संपत असतील तर ६०० च. पैसे शब्दांवर न ठरवता पानावर ठरवा, कारण शब्दांवर पैसे असले की ‘चला तर मग जाणून घेऊया’ येणारच.

---

आडवाट

आणि आधीच कोंबून ठेवलेली जुनी पानं? पीक विमा २०२१, २०२२, २०२३, २०२४, २०२५ अशी पाच वेगळी पानं असतील तर?

---

तिफण

@आडवाट, ती पाच पानं एकमेकांचीच वाट अडवतात. पाचांपैकी ज्याला बाहेरून सर्वाधिक दुवे आणि सर्च कन्सोलमध्ये सर्वाधिक क्लिक आहेत ते ठेवा. त्याच्या मथळ्यातलं साल बदला, यूआरएलला हात लावू नका. बाकी चारांतलं कामाचं असेल ते त्यात आणा (उदाहरणार्थ ‘एक रुपयाची सवलत २०२३ ते २०२४-२५ च्या हंगामांपुरती होती’ ही एक ओळ पुरे) आणि चारही पानं ३०१ ने (कायमच्या वळणाच्या सूचनेने) मुख्य पानाकडे वळवा. हे वळण निदान वर्षभर काढू नका. साइटच्या आतले जे दुवे जुन्या पानांकडे जातात ते हाताने बदला. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त वेळा तेच राहून जातं.

मुख्य पानावर मग क्रम असा ठेवा: पहिला परिच्छेद काढून टाका (बहुतेक वेळा तिथे ‘नमस्कार मित्रांनो’च असतं), दुसऱ्यातलं उत्तर वर आणा, उपमथळ्यांतून योजनेचं नाव काढा. ‘पीक विमा योजना २०२५ कागदपत्रे’ ऐवजी ‘कोणती कागदपत्रं लागतात’ पुरे, पान कशाचं आहे हे वर सांगून झालेलं असतं. मग एकदा मोठ्याने वाचा. जिथे प्रत्यय गळलेला आहे तिथे जीभ अडखळते. तेवढी वाक्यं दुरुस्त करा.

सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन’ (गूगलच्या माणसांनी साइटवर केलेली कारवाई) उघडून पाहा. तिथे नोंद असेल तर सगळ्या साइटवर दुरुस्ती झाल्यावरच फेरविचाराचा अर्ज करा. एक पान सुधारून केलेला अर्ज फेटाळला जातो. नोंद नसेल तर अर्ज करायचा नसतो. गूगलने पानं पुन्हा वाचेपर्यंत थांबायचं, आणि लहान साइटींना त्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात.

---

खरडवही

@पाटी-पेन्सिल, @तिफण, मनापासून आभार. टक्क्याच्या जागी द्यायची अट आजच लिहून पाठवते. भाडेपट्ट्याच्या जमिनीचा प्रश्न यादीत सगळ्यात वर घेतला आहे, कारण मराठी पानांवर तो शोधला तर योजनेचं नाव पुन्हा पुन्हा येतं आणि उत्तर मिळत नाही.